उजेडाकडे धरून

एकोणचाळीस.
चाळीस होत्या. एकीत कुणीतरी सिगरेट विझवली होती,
ती मी सरळ फुटक्या काचांच्या पिंपात टाकली.
इवर्टने मान हलवली, म्हणजे धुतली असती.
म्हटलं, आधी तो वास काढून दाखव, मग मान हलव.

रावीरीने आणून दिल्या, क्लबच्या मागच्या दाराने,
अंतिम सामन्यानंतरच्या सोमवारी.
हरलेल्या रात्रीच्या आहेत, ओळखू येतं.
जिंकले की थेंब ठेवत नाहीत.
ह्यांच्या तळाशी बोटभर उरलेलं,
त्यावर करडी साय,
आणि एकीत गोगलगाय, चिरनिद्रेत.

जुलै. ब्लफमधला जुलै म्हणजे हाडात शिरलेला समुद्र.
पत्र्याच्या शेडमध्ये टब,
टबात कढत पाणी आणि धुण्याचा सोडा.
रात्रभर भिजून लेबलं आपणहून सुटली,
तपकिरी पाण्यावर तरंगतायत.
दोन-तीन चिवट आहेत,
त्यांना नखच लागतं.

तीस वर्षं बाटल्या मी धुतल्या.
बिअर त्याची.
शेजारीपाजारी ओठांवरचा फेस पुसत म्हणायचे,
इवर्ट, तुझ्या हाताला चव आहे.
हाताला चव!
माझ्या हाताला सोड्याच्या भेगा होत्या,
त्यांच्याबद्दल कुणी काही म्हणालं नाही.
मीही नाही.

गेल्या मार्चमध्ये जेवताना त्याची उजवी बाजू
अर्ध्या शब्दात थांबली.
मीठ मागत होता.
‘मी’ म्हणाला, आणि तिथेच राहिला.

आता माल्ट मी शिजवते, हॉप्स मी तोलते,
तापमापी उजेडाकडे तिरका धरून डोळे बारीक करते.
तो खुर्चीत बसतो,
बाटली दोन गुडघ्यांत आवळून
डाव्या हाताने ब्रश फिरवतो.
खर्र, खर्र, थांबून खर्र.
पहिल्या दिवशी दोन फुटल्या.
मी झाडू आणला. तो खिडकीबाहेर
एका बोटीकडे बघत बसला, जी तिथे नव्हती.

स्वच्छ निराळं, निर्जंतुक निराळं.
पूर्वी हे मी सांगायचे, तेव्हा तो हसायचा.
स्वच्छ म्हणजे दिसणारी घाण गेली.
जी दिसतच नव्हती तीही गेली पाहिजे,
त्यासाठी हा दुसरा टब, मोजून दोन झाकणं औषध.
त्यातून निघाली की बाटली सोवळ्यात:
तोंडाला बोट नाही, फडका नाही,
वाळवायला फुंकर तर नाहीच नाही.
खुंट्यांच्या झाडावर उलटी टांगायची
आणि उरलेल्या फेसाला भ्यायचं नाही.

एका वर्षी मी घाई केली होती.
बहिणीकडे जायचं होतं, गाडी चारची.
शेवटची पेटी नुसती विसळली.
पंधरा दिवसांनी मध्यरात्री कपाटात धडाधड तीन फुटल्या,
भिंतीला आंबूस ओघळ,
काच पार त्याच्या रबरी बुटांत.
सगळे म्हणाले, इवर्टने साखर जास्त घातली.
तोही म्हणाला, असेल, हात सैल पडला असेल.
पुढची कित्येक वर्षं तो साखर दोनदा तोलायचा
आणि मी ते बघायचे.

आज, का कोण जाणे, ब्रशच्या आवाजातच सांगून टाकलं.
ती साखर नव्हती रे.
ती मी होते.

ब्रश थांबला नाही.
हातातली संपवून त्याने टबात सोडली,
मग वाकून, खुर्ची करकरवत,
मी नुकतीच झाडावर टांगलेली एक बाटली काढली
आणि बल्बसमोर धरली.
आत, खांद्याच्या वळणावर,
केसाएवढं पिवळट कडं.
माझ्या नजरेतून सुटलं होतं.

‘ठा,’ म्हणाला. दम घेतला. ‘ठाऊक.’
कशाबद्दल, ते मी विचारलं नाही.

बाटली माझ्याकडे केली.
‘पु,’ म्हणाला,
आणि उरलेलं तोंडात जुळवत असताना
डोळ्यांच्या एकाच कोपऱ्याला हसू आलं,
कारण दुसरा अजून येत नाही.
‘न्हा.’

अडतीस.
आणि एक परत सोड्यात.