डाव्या पायाला काम नाही

पहिल्या दिवशी पुतूबाबाने गाडी सुरूच करू दिली नाही.
खाली उतर म्हणाला, आधी चाकं बघ.
वाकून, काडीच्या टोकाने, फुस्स करत
चारी टायरांतली थोडी थोडी हवा सोडली:
जांभ्यावर ताठ राहणारा आधी फुटतो.

मग मी बसले.
अंगठे स्टिअरिंगच्या आत अडकवू नकोस.
खालून दगड चाक फिरवतो तेव्हा विचारून फिरवत नाही.
ब्रेक दाबल्याशिवाय दांडा हलायचा नाही, हलवूही नकोस.
पी म्हणजे निजलेली. आर म्हणजे मागं.
डी म्हणजे जा.
आणि एन म्हणजे गाडी कुणाचीच नाही.
उतारावर एनमध्ये टाकणारा एक जण मला खाणीवर भेटला होता,
एकदाच भेटला.

बावीस वर्षं तो रिवणच्या बाजूला डंपर हाकायचा.
खाण थांबली, डंपर भंगारात गेले,
उरला क्लच दाबून दाबून झिजलेला एक गुडघा,
जो तो तेल लावून रोज संध्याकाळी पडवीत घेऊन बसतो.

माझ्या पायाचं त्याने विचारलं नाही.
गावाला ठाऊकच आहे: सातवं वर्ष, काजूची फांदी,
आणि सांग्याला न्यायला गाडी मिळेपर्यंत पडलेली रात्र.
एवढंच म्हणाला,
हिच्यात डाव्या पायाला काम नाही.
त्याला तिथे कडेला बसव, टेकून.
ब्रेकवर आणू नकोस हां, त्याला अंदाज नाही,
घाबरून सगळंच दाबून टाकेल.

भाऊ हसला होता. ही कसली गाडी,
आपणच गिअर बदलते, तू काय करणार?

मी काय करते ते सांगते.
बोंडूंचे अकरा क्रेट मागे बांधून डोंगरमाथ्यावर थांबते.
पूर्ण थांबते. एनमध्ये घेते, मग फोर लो,
कुठेतरी पोटात खट्ट वाजतं तेवढं ऐकते,
मग पहिला गिअर हाताने धरून ठेवते
आणि ब्रेकवरून पाय काढते.
हे काढणं सर्वांत कठीण.
नाक खाली, मागून पिकल्या बोंडूंचा आंबूस वास मानेवर,
आणि इंजिन आपलं आपण गुरगुरत
म्हशीसारखं एकेक पाऊल उतरवतं.
दाबत राहिलं तर ब्रेक तापून वास सुटतो;
तो वास बोंडूंचा नव्हे, हे मला आता कळतं.

व्हाळापाशी उतरते. काठी घेऊन आधी मी जाते पाण्यात,
लंगडत, दगड चाचपत, मांडीपर्यंत आलं तर परत.
गुडघ्याखाली असलं तर गाडी.
एकाच वेगाने, मध्ये थांबायचं नाही,
पुढ्यात पाण्याची घडी पडेल इतकंच.
पलीकडे गेल्यावर ओले ब्रेक दोनदा हलकेच दाबायचे,
त्यांना आठवण करून द्यायची.

एकदा समोरच्या चढावर चाकं नुसती भिरभिरली.
मला वळवावंसं वाटलं.
आडवी करू नकोस! तो ओरडला, आडवी झाली की कलंडेल!
ब्रेक. आर. सरळ, आलीस त्याच चाकोरीने, मागं.
सवकास गो, सवकास.
आरशात काजूची पानं मोठी मोठी होत आली.
खाली पोचल्यावर आम्ही दोघं बराच वेळ बोललो नाही.
मग त्याने विडी काढली, पेटवली नाही, ठेवून दिली.

भट्टीपाशी मी गाडी उभी करते:
पाय ब्रेकवर, एन, हातब्रेक ओढून पाय सैल,
गाडी बसते आपल्या जागी, जरा हलून.
मग पुन्हा ब्रेक, मग पी.
सगळं वजन त्या एका खिट्टीवर टांगू नये म्हणतो तो.
भट्टीवाला क्रेट मोजतो, माझ्याकडे बघत नाही,
अकरा म्हणतो.

शेजारच्या सीटवर पुतूबाब अजून येतो, गरज नसताना.
प्रत्येक वळणाला त्याचा डावा पाय
समोरच्या रबरी चटईवर
नसलेला क्लच दाबतो.
तिथे चटई आता गुळगुळीत झालीय.
मी बघते, आणि रस्त्याकडे बघते.