मॅटिनीला रंगनाथमामा

शेरीफ घोड्यावर उडी टाकतो,
घोडा एक पाऊल सरकतो.
कॅम्पातलं अख्खं थिएटर आडवं.
रंगनाथमामा मात्र हाताची घडी घालून,
खडकीच्या कारखान्यात
काडतुसांच्या ट्रेपुढे बसतात, तसे.

मग गुत्त्यात गोळीबार.
पिस्तूल सहा गोळ्यांचं, बार एकोणीस.
मेलं कोणी नाही.
पियानोवाल्याची टोपी तेवढी गेली,
आणि झुंबर,
ते नेमकं मेयरच्या केकात.

"एकोणीस," मामा पुटपुटले,
"आमच्याकडे एक फुसका निघाला
तर चौकशी बसते."
आणि हसले.
असे हसले, की पुढच्या रांगेतल्या पारशीणबाई
चष्मा वर करून मागे वळल्या,
खुर्चीचा स्क्रू निघाला, मामा खाली,
तरी हसतायत,
डाव्या हाताची उरलेली तीन बोटं
पोटावर दाबून.

बाहेर रणरणतं ऊन.
मामांनी सायकलवर टांग टाकली,
सायकल एक पाऊल सरकली.
शपथेवर सांगतो, त्यांनीच सरकवली.

संगम पुलावर कॅरियरवरून मी विचारलं,
"शेरीफ, उद्या ड्यूटी कितीची?"
त्यांनी हँडल सोडलं,
तीन बोटांचं पिस्तूल रोखलं नदीवर,
नळीवर फुंकर मारली.

"भोंगा साडेसातला."