चारशे साठ ग्रॅम

मुरारच्या पोस्टात पार्सलच्या खिडकीवर
एकोणीस वर्षं बसले की पत्त्यावरून गावं दिसायला लागतात.
फौजेच्या पत्त्याला गाव नसतं.
नंबर, हुद्दा, नाव, पलटण,
आणि खाली छप्पन्न ए.पी.ओ.
बर्फ आहे की वाळू, कागद सांगत नाही.

एलिशबा तिर्की आली अठरा डिसेंबरला.
मी म्हटलं, उशीर केलास गं,
धुक्यात गाड्या दहा-दहा तास उभ्या आहेत धौलपूरच्या पलीकडे.
ती म्हणाली, शकूरभाईंची भट्टी आजच मोकळी झाली.
बडा दिन आला की त्यांच्याकडे सगळ्या क्वार्टरांचे केक लागतात.
आपला मैदा, आपली अंडी, आपला डबा,
डब्यावर खिळ्यानं कोरलेलं नाव,
आणि पहाटे चारपासून रांग.

माझे बाबा सिग्नलमध्ये होते.
आईनं धाडलेला दिवाळीचा फराळ
एका वर्षी त्यांना शिमग्यात मिळाला.
"चकल्या मऊ पडल्या", एवढंच त्यांनी लिहिलं.
ते कार्ड आईनं तांदळाच्या डब्यात ठेवलं होतं.
का, ते मी कधी विचारलं नाही.

काट्यावर दोन किलो चाळीस.
वरच्या चाळीसला पुढच्या पाचशेचे पैसे पडतात.
एलिशबानं मोबाइलच्या कव्हरामागची घडीची नोट काढली,
पाहिली, परत ठेवली,
आणि गाठोडं सोडायला बसली.
मोजे काढू? एकच जोड काढू?
पोरानं काढलेलं चित्र तिनं तळहातावर तोललं,
कागदाचं कितीसं वजन,
तरी तोललं, आणि आत सारलं.

तेव्हा रांगेतून सुभेदार तोमर
(रिटायर, गुडघे गेलेले, आवाज शाबूत)
ओरडले: अगं, काढतेस काय?
पैसे पाचशेचे द्यायचे, तर चारशे साठ रिकामे का धाडतेस?
वरचे पैसे माझे. आता भर.

मग खिडकीचा कट्टा भरायला लागला.
तोमरांनी नातवासाठी घेतलेली गजक, दोनशे.
मनीऑर्डरला आलेल्या कुशवाह मास्तरांचा मफलर,
गळ्यातलाच, अजून ऊन.
कॉलेजातल्या एका मुलीनं व्हॅसलीनची डबी दिली,
तिथं ओठ फुटत असतील ना, म्हणाली,
आणि स्वतःच लाजली.
एकानं बिडीचं बंडल पुढं केलं.
ते मी नियमावर बोट ठेवून परत केलं,
पण त्याचा चेहरा पडलेला पाहून
पत्ता लिहायला पेन त्याचंच घेतलं.

चारशे एक्केचाळीस.
आकडे थरथरत थांबले. एकोणीस उरले.
मी पार्सलं शिवते ती सुई,
खाकी दोऱ्याच्या अर्ध्या रिळात खोचून
औषधाच्या पुडीच्या कागदात गुंडाळून आत टाकली.
वरचं कापड दुसऱ्या सुईनं शिवलं.
लाख वितळली, शिक्का बसला,
आणि रांगेतले सगळे एकदम आपापल्या घाईत परतले.

पंचवीसला संध्याकाळी तिच्याकडे गेले.
दारावर कागदी तारा, आत बल्ब,
त्याची वायर शेजारच्या क्वार्टरातून आलेली.
बशीत केकचा कडेचा तुकडा, जरा करपलेला, गोड.
फोन लागत नव्हता.
ती पुन्हा लावत नव्हती, मी समोर होते म्हणून.
चहा अर्धा ठेवून मी उठले.

संक्रांत होऊन गेल्यावर पत्र आलं,
पार्सल खिडकी, मुरार, एवढ्याच नावानं.
अन्सेल्म तिर्कीचं अक्षर उजवीकडे कललेलं:
पार्सल बारा जानेवारीला पोचलं.
आम्ही अकरा जण. त्यात बडा दिन माझ्या एकट्याचा.
हवालदारसाहेब म्हणाले, आज पंचवीस तारीख.
कुणी वाद घातला नाही.
केक स्टोव्हवर शेकल्याशिवाय कापता येईना.

(त्यावरून मी ओळखलं, वाळू नाही.)

मफलर ज्याची ड्यूटी, त्याच्या गळ्यात.
गजक दोन मिनिटं टिकली.
सुई कुणाची, ते कळलं नाही.
तिला सांगा, चार बटणं लागली.
पाचवं अजून शोधतोय.