खालचा आर्म, डावा

फॉर्मवर एकच रेघ आहे.
वर ‘कारण’ असं छापलंय, अरबीत आणि इंग्रजीत,
आणि रेघ माझ्या वितीएवढी.

बिदियात अजून उजाडायचंय.
गॅरेजच्या पत्र्यावरून दंव ठिबकतंय.
वाळवंटात दंव पडतं हे घरी कुणाला खरं वाटत नाही.
सात नंबरची बग्गी जॅकवर,
पुढचं चाक मोडल्या कोंबडीच्या पायासारखं आत वळलेलं.

काल दुपारी, मोठ्या टेकाडाच्या उतारावर,
चाक एकीकडे गेलं, बग्गी दुसरीकडे.
आत मारिसेल नावाची बाई होती, मस्कतला नर्स,
दोन दिवसांची सुट्टी, सोबत बहीण.
खांदा निखळला.
हात कसा बांधायचा ते म्हणे तीच सांगत होती सगळ्यांना.

खल्फान म्हणतो, बाईने उडवली गाडी.
हमूद म्हणतो, मी हात दाखवला होता, हळू म्हणून.
दुबईचा डीलर फोनवर म्हणतो, टायर मोठे लावलेत ना,
मग आमचा संबंध संपला.
कंपनी काहीच म्हणत नाही.
कंपनीने गेल्या वर्षी नवा आर्म काढला, जाड पत्र्याचा,
कॅटलॉगात जुन्या नंबरपुढे एक अक्षर वाढवलं.
का वाढवलं, ते लिहिलेलं नाही.

आमच्या घरात सस्पेन्शन हा शब्द आधी नानांना लागला.
चिपळूण डेपो. घाटात मागचा पाटा तुटला,
बस कठड्याला घासली, एका म्हातारीचे दोन दात गेले.
नाना सहा महिने घरी, अर्ध्या पगारावर.
मी शाळेत होतो. मला कळेना
बसचं तुटलं ते आणि नानांना मिळालं ते,
दोन्हींचं नाव एकच कसं.
नाना सुपारी कातरत म्हणायचे,
पाटा त्या दिवशी तुटत नाही रे,
त्या दिवशी फक्त आवाज येतो.

रात्री शफिकुल झोपल्यावर
मी तुटका तुकडा डिझेलने धुतला, बॅटरी धरली.
वेल्डच्या कडेला नखाएवढा भाग
तांबूस, काळपट. जुना.
बाकीचा ताजा, खडीसाखर फोडल्यासारखा कणीदार.
म्हणजे काल तुटलं ते उरलंसुरलं.

रोज पहाटे मी खाली सरपटतो,
नटावरची पिवळी खूण जुळते का बघतो,
सही करतो.
काल जुळत होती.
आत्ताही जुळतेय, बघा,
नट जागच्या जागी आहे,
त्याच्यापुढे काही नाही.

दिवाळीच्या सुमाराला मी सहा जोड्या मागितल्या होत्या.
खल्फान म्हणाला, सीझन जाऊ दे.
मी म्हणालो, बरं.
ते ‘बरं’ कुठल्या रकान्यात भरायचं?

तो आलाच. हातात कॉफीचा थर्मास, खजुराचा डबा.
माणूस वाईट नाही,
आईच्या डोळ्याचे पैसे त्यानेच दिले, परतही मागितले नाहीत.
मांडवकर त्याला म्हणता येत नाही.
‘मंदकर,’ म्हणतो, ‘चालकाची चूक, एवढं लिही.
विमा सुटला की तिच्या खांद्याचंही बघू.’
कॉफी गरम आहे. वेलची जास्त झालीय.
तुकडा माझ्या खिशात, बसलो की मांडीला टोचतो.

आठला पहिला ग्रुप. पाच गाड्या.
मी पेन फॉर्मवर आडवं ठेवतो
आणि तीन नंबरखाली शिरतो.
खूण बघत नाही आज.
चिंधीने ग्रीस पुसतो, वाळू खरवडतो,
वेल्डवरून नख फिरवतो, आंधळ्यासारखं, हळू.
उजवा ठीक.
डावा.

काहीतरी अडतं नखाला.
रंगाचा पोपडा असेल.

शफिकुल, बॅटरी आण.
अजून जवळ.