डाव्या कुशीवर

लाघाटे, वय एकाहत्तर,
डाव्या कुशीवर वळतात.
जेल गार आहे, आधीच सांगते,
तरी अंग चोरतात.

खोलीत अंधार. पडदा करडा.
बाहेर यशवंत निवास रोडवर कुणीतरी
गाडी मागे घेतंय, घेतंय, घेतंय.

"काय बघताय, मॅडम?"
सगळेच विचारतात. मी म्हणते, ठोके.
आज का कोण जाणे, खरं सांगितलं:
दोन ठोक्यांच्या मधलं.

ठोका सरला की खालचा कप्पा सैलावतो.
शाळेत त्याला जवनिका म्हणायचे,
नाटकाच्या पडद्याला म्हणतात तेच.
झडप उघडते, रक्त आपल्याच ओढीनं आत येतं.
मग रेंगाळतं जरा.
अगदी शेवटी वरचा कप्पा
उरलंसुरलं लोटतो,
आणि झडप मिटते.
इथे त्याच्या दोन टेकड्या दिसतात,
पहिली उंच, दुसरी बुटकी.

त्यांची पहिलीच बुटकी.

"नळखात्यात होतो. पस्तीस वर्षं वॉलमन."
भिंतीकडे तोंड करून बोलत होते.
"जलूदहून नर्मदा घाट चढून यायची,
रामबागेला दिवसाआड पाणी.
चावी भस्सकन फिरवली तर लाइन फुटते.
पाव फेरा, थांब. पाव फेरा, थांब.
आधी नळाला नुसती हवा, सूं करत.
बायका भांडी लावून बसलेल्या,
तेवढा वेळ कुणी भांडत नसे.
हौद निम्मा आपोआप भरतो,
पुढचं मोटार लावून खेचतात लोक.
चोरून.
माझं आता मोटारीवर चाललंय,
असंच ना?"

असंच.
पिळायची ताकद उत्तम आहे, म्हटलं,
सैल पडायला वेळ लागतोय.
त्यालाही ताकद लागते, काका.

ते हसले, टेकड्या हलल्या.
"रिटायर होऊन अकरा वर्षं झाली,
बायको हेच म्हणते."

हसू नका, म्हटलं. श्वास सोडा.
सोडून तसेच राहा.

मग आवाजाचं बटण दाबलं.
खोलीभर ते सुरू झालं,
लांबून पाइपातून काहीतरी येत असल्यासारखं,
थांबत,
पुन्हा येत.

लाघाट्यांनी डोळे मिटले.
"आलं," म्हणाले,
माझ्याशी नव्हे.

माझं मोजायचं राहिलं.
पुढचा ठोका पकडावा लागला.