पोट सुटलेलं माप

रामारुच्या दुकानात तांदूळ मिळतो टिनाने.
आटीव दुधाचं रिकामं टिन, वरचं झाकण कापलेलं,
अख्ख्या अंतानानारिव्होत हेच माप, कापुआका.
सगळे म्हणतात, त्याच्या टिनाचा तळ
हातोडीच्या मुठीने आत दाबलेला आहे.
उलटं करून कुणी बघत नाही.
उधारी असते.

तांबडा तांदूळ सुपात घेते.
खडे वेचते, एक काळा, दोन पांढरे,
आणि एक हुबेहूब तांदळासारखा,
तो सटकला बोटांतून. येणारच आज दाताखाली.
धुतलं की पाणी विटेच्या रंगाचं होतं,
ते मी फेकत नाही,
पायरीवरच्या मिरचीच्या डब्यात ओतते.

कोळसा ओला.
जुलैच्या थंडीत आमच्या पायऱ्यांच्या गल्लीला
वरपासून खालपर्यंत धूर,
आणि प्रत्येक धुरामागे एक खोकला,
कुठला कुणाचा ते मला न बघता कळतं.
आधण येतं. तांदूळ वैरते.
आल्याचा तुकडा ठेचून टाकते, सालासकट.
मग टोमॅटो, एकच, तोही अर्धा मऊ पडलेला.
पाला अजून टोपलीत बसून आहे:
कामोणी, ओढ्याकाठची कोवळी पानं,
आणि पिवळ्या बोंडांची ती भाजी,
जिने जीभ झिणझिणते
आणि दोन मिनिटं खोटं बोलता येत नाही, असं नेनी म्हणायची.

व्हारी आमिनानाना. भातासकट पाला,
नावातच सगळी कृती.
तरी अकरा वर्षं माझा पातळ होत आला.
तीन टिनं तांदूळ, बारा टिनं पाणी,
नेनीने सांगितलं तसंच, बोटावर मोजून.
शेजारची साहुंद्रा म्हणाली, शहरातलं पाणी जड.
तिचा नवरा म्हणाला, कोळशाला शेणीची सर नाही.
बाकीचे म्हणाले, आईच्या हाताची चव.
मी मान डोलावली.
भांड्यात मात्र सूपच.

गेल्या आठवड्यात भाऊ आला, मामितियाना,
अंबुसित्राहून, टॅक्सीच्या टपावर पोतं घालून.
नेनीला आता दिसत नाही नीट,
ती सुनेच्या चुलीवर जेवते.
तिची भांडी त्याने वाटून टाकली,
माझ्या वाट्याला टिन आलं.

ओट्यावर ठेवलं तर डुगडुगलं.
तळ बाहेर आलेला, चांगलं पोट सुटलेला.
रामारुकडचे तीन टिन तांदूळ मी त्यात मोजले:
पहिलं माप भरलं,
दुसरं भरलं,
तिसरं भरेचना.

आणि पाणी ती मोजायची तांब्याने, हे मला तेव्हा आठवलं.
सांगताना टिनं म्हणायची. टिनं तिच्या तोंडात होती नुसती.

फोन केला. कुणी ठोकलं हे?
पडलं असेल कधी, म्हणाली.
आतल्या बाजूने पडलं?
पलीकडे कोंबडी ओरडली, कुणीतरी दार लोटलं.
मग म्हणाली, पाला शेवटी घालतेस ना?
आधी घातलास तर काळा पडतो.

आम्ही सहाजण होतो. मजूर वेगळे.
भात मागून घ्यायला आम्ही लाजायचो
आणि ती विचारत नसे,
तीन टिनांचा हिशेब मात्र बापाला रोज द्यायची.

आज त्याच टिनाने तीन.
पाला शेवटी घातला. झाकण ठेवलं, निखारे ओढले.
उघडलं तर डाव उभा राहिला मधोमध,
हळूच कलला, पण पडला नाही.

साहुंद्राला वाटीभर दिलं. ती काही बोलली नाही,
वाटी पुसून परत आणली.
तळाची खरवड तशीच ठेवून वर पाणी ओतलं,
जळकट, तपकिरी, ऊन,
थंडीत त्याच्याइतकं काही नाही.

पहिला घोट घेतला.
त्याआधी चौथ्या घासालाच
तो खडा आला होता.