भिंतीची जाडी

थ्रोस्टर्स रो. घरं सहा, एक ते अकरा, सगळे विषम आकडे.
सम आकड्यांची घरं समोर होती,
तिथे आता गाड्या लावतात.
माझं काम सरळ: नगरपालिकेच्या जुन्या इमारतींची यादी.
मोजायचं, लिहायचं, पुढचं दार वाजवायचं.

विटा हाताने पाडलेल्या. एक थर आडवा, एक थर उभा,
मध्येच एखादी भट्टीत करपून जांभळी पडलेली.
खालच्या दोन मजल्यांना खिडक्या बेताच्याच,
जिन्यावरची तर विटांनी बुजवलेली:
राजाने खिडक्यांवर कर बसवला
तेव्हा कुणीतरी हिशेब करून अंधार पत्करला.
पण वर, थेट छपराखाली,
या टोकापासून त्या टोकापर्यंत काचच काच.
रेशीम विणायला उजेड लागायचा.
धागा तुटला तर दिसायला हवा,
आणि धागा तुटायचाच.

उतारावरचा ओढा तेव्हा रोज वेगळ्या रंगाचा वाहायचा म्हणे.
आता तो पाइपातून जातो.
कोपऱ्यावरच्या चॅपेलात गालिचे विकतात,
गुंडाळ्या भिंतीला टेकून उभ्या,
उशिरा आलेल्या भाविकांसारख्या.

बाहेरून रांग भरली अठ्ठ्याऐंशी फूट चार इंच.
आतून खोल्या मोजल्या, भिंती धरल्या, बेरीज केली,
नऊ इंच कमी.
लेझर ठेवून फितीने मोजलं.
नऊ इंच. म्हणजे एक अख्खी वीट.

ती सापडली सात आणि नऊ नंबरच्या मध्ये.
तिथे भिंत एक नाही, दोन आहेत,
पाठीला पाठ लावून.
"दोन भाऊ होते," विनिफ्रेड ऑल्डक्रॉफ्ट म्हणाल्या,
"एकमेकांची भिंत वापरायचीसुद्धा तयारी नव्हती."
वय शहाऐंशी. पुरावा मागितला
तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं
की मी पेन्सिलीला टोक करू लागलो.

मग म्हणाल्या, वर या.
माळ्यावर मागाच्या पायांनी फळ्यांत पाडलेले चार खड्डे,
आणि एक कपाट, चाकं लावलेलं.
त्यांनी ते एका बोटाने सरकवलं.

मागे भोक. हातभर रुंद, दोन्ही भिंतींतून आरपार.
पलीकडे एव्हर्टन ब्रिसेट, निवृत्त बस ड्रायव्हर,
खुर्चीत बसून शब्दकोडं सोडवत होते.
"चौऱ्याहत्तरचा हिवाळा," त्यांनी मान वर न करता सांगितलं,
"सारखी वीज जायची. माझ्याकडे केरोसीनचा स्टोव्ह,
हिच्या हॅरॉल्डकडे छिन्नी."

दोघांनी मिळून बावीस विटा काढल्या.
परत लावायच्या म्हणून वर्तमानपत्रात बांधून
अजून पलंगाखाली ठेवल्यात.

हॅरॉल्ड गेले. एव्हर्टनची पर्ल गेली.
भोकातून दूध जातं, वर्तमानपत्र येतं,
औषधांची डबी जाते, दुपारच्या खणातल्या गोळ्या
अजून तशाच असल्या तर ओरडा येतो.
भिंतीला कान असतात म्हणतात.
या भिंतीला तोंड आहे,
आणि ते बंद राहत नाही.

माझ्या फॉर्मवर रकाना सतरा:
सामायिक भिंत तासभर आग रोखू शकेल काय?
होय / नाही.
विनिफ्रेडबाईंनी तो माझ्याआधी वाचला,
चष्मा नसताना.
त्या काही बोलल्या नाहीत.
पलीकडून एक हात आला, मनगटापर्यंत, मग कोपरापर्यंत,
अठरा इंच पार करून,
हातात बशी, बशीत आल्याचा केक.
"मोजणाऱ्यालाही भूक लागते ना?"

खाल्ला. किंचित करपला होता.

भिंतीची जाडी: अठरा इंच, असं लिहिलं.
त्यापुढे लिहिलं: सर्वत्र सारखी नाही.
सतरावा रकाना कोरा आहे.
सोमवारी ऑफिसात विचारतील.

उतरताना जिन्याच्या वळणावर,
त्या बुजवलेल्या खिडकीपाशी, माझी एक पायरी चुकली,
गुडघा आपटला.
वरून दोघांचे आवाज एकदम आले, एकाच माळ्यावरून आल्यासारखे:
"तिथे जपून!"

राजाचा तो कर
कुणी ना कुणी अजून भरतंच आहे.